सहा टक्क्यांचा सर्व्हर

आमच्या चाकणच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळतो तो संघर्ष. सहा वर्षं तो काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं बडवायचा आणि त्यातलं कुणाला काही कळायचं नाही. त्यामुळे कारखाना सुरळीत चालला होता.

यंदा त्याच्या बहिणीचं, अंजलीचं लग्न ठरलं. रविवारी, काळेवाडीत. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. चार दिवस रजा मिळावी म्हणून बिचाऱ्यानं सर्व्हरच्या लिनक्स प्रणालीचा सगळा कारभार ब्राउझरमध्ये आणून ठेवला. पत्ता टाका, पासवर्ड द्या, बटणं, आलेख, सगळं समोर. "मी नसलो तरी कुणीही बघू शकेल," म्हणाला. इथेच माती खाल्ली. कुणीही बघू लागलं.

प्लांट हेड धनेश सरांनी तो आलेख प्रॉडक्शन बोर्डाशेजारच्या टीव्हीवर लावला, नारळ फोडला आणि चष्मा वर सरकवला.

"संघर्ष, हे सहा टक्के काय आहे?"

"प्रोसेसरचा वापर, सर. म्हणजे ताकद भरपूर शिल्लक आहे."

"आपली प्रेस मशिनं पंच्याऐंशी टक्के चालतात. आणि हा एसीत बसून सहा?"

"सर, तो मोकळा असतो म्हणून तर कामं पटापट होतात."

"मोकळा असतो, हे तूच बोललास. पंच्याऐंशी करून दाखव, मग रजा."

लगेच 'निष्क्रिय यंत्रणेबाबत सुधारणा' असं परिपत्रक निघालं. एचआरच्या करिष्मा मॅडमनी सर्व्हरला कारणे दाखवा नोटीस काढली. खुलासा संघर्षनं स्वतःच्या सहीनं दिला.

करतो काय? पाच वर्षांची हजेरी पुन्हा पुन्हा मोजायचं काम त्यानं सर्व्हरला लावून दिलं. आलेख पंच्याऐंशीवर गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवसापासून त्याच सर्व्हरला जोडलेलं गेटवरचं हजेरीचं मशीन एकेक चेहरा ओळखायला चार मिनिटं घेऊ लागलं. रांग पार रस्त्यावर. वॉचमन नवनाथभाऊ ओरडायचे, "थोबाड हलवू नका राव, बघतंय अजून!" मालाची बिलं निघेनात, गाड्या अडकल्या. टीव्हीवर मात्र आलेख टवटवीत.

शनिवारी संघर्षनं रजेचा अर्ज भरला. अर्जही त्याच सर्व्हरवर. चक्र गरगरत राहिलं.

"मॅडम, कागदावर सही द्या ना. उद्या लग्न आहे हो!"

"सिस्टीमला आल्याशिवाय कशी देऊ? ती मोजणी जरा थांबव ना."

"थांबवली तर आलेख पडेल."

"मग रजा नाही रे मिळणार," मॅडम खरंच हळहळल्या.

न सांगता जावं तर नोकरीवर गदा. अंजलीचं लग्न त्यानं सर्व्हर रूममध्ये फोनवर पाहिलं. त्रिशरण सुरू झालं तेव्हा तो उठून हात जोडून उभा राहिला. मला फार वाईट वाटलं. बुधवारी संध्याकाळी रजा मंजूर झाली, रविवार ते बुधवार. खात्यातून चार दिवस वजाही झाले.

हसताय? हसा. फक्त साहेब केबिनबाहेर आला की तुम्ही लगबगीनं कुठली एक्सेल उघडता, ते एकदा आठवा.