पाकिटाचं तोंड

पिवळी गोळी सकाळी, पांढरी रात्री.

जिन्याच्या चौथ्या पायरीवर एक कागद, पालथा.

खालची उजवी दाढ.

"वाफ दिल्याशिवाय असं उघडणं शक्यच नाही."

सव्वीस वर्षं, आणि एकही नाही.

यातली शेवटची ओळ लाखबाईंची. आवक-जावकच्या टेबलावर त्यांना सव्वीस वर्षं झाली होती आणि त्यांनी बंद केलेलं एकही पाकीट वाटेत उघडलं नव्हतं. डिंकाची बाटली त्यांना चालत नसे. डिंकाने कागद सुरकुततो आणि बोटं दिवसभर फायलींना चिकटतात. त्यांची पद्धत वेगळी. पाकिटाच्या पट्टीवरून जीभ डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवायची, अंगठ्याने दाबायचं, मनात सात मोजायचे. लाखेची मोहोर मारल्यासारखं पाकीट बंद. म्हणून नाव लाखबाई, आणि म्हणूनच गोपनीय कपाटाची किल्लीही त्यांच्याकडे.

त्या गुरुवारी साहेबांनी बदल्यांची यादी दिली. लाखबाईंनी ती पाकिटात घातली, जीभ फिरवली, अंगठा दाबला, सात मोजले. शिपायाने पाकीट काखेत मारून रस्त्यापलीकडच्या मुख्य इमारतीत नेलं. टेबलावर पोचलं ते रिकामं पाकीट. यादी मागे जिन्यातच राहिली होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणाची बदली कुठे झाली, हे झाडूवालीलासुद्धा पाठ होतं.

दुसऱ्या कोणाचं पाकीट असतं तर लोक म्हणाले असते, नीट चिकटलं नसेल. पण लाखबाईंचं पाकीट आपोआप उघडेल, यावर ऑफिसात एकाचाही विश्वास बसेना. आपोआप उघडत नाही, म्हणजे कोणीतरी उघडलं. कागद कुठे फाटलेला नाही, म्हणजे वाफेवर धरून उघडलं. आणि पाणी उकळायची किटली कोणाच्या टेबलाशेजारी? सव्वीस वर्षांची अब्रू अशी फिरून त्यांच्याच गळ्याशी आली.

साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. सोमवारी अकराला चौकशी अधिकारी येणार होते. चौकशीत काही निघालं, तर किल्ली काढून घ्यावी लागेल आणि बाईंचं टेबल तळघरातल्या जुन्या फायलींत जाईल, हे सांगताना साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"बाई, मी काही म्हणत नाही," ते शेवटी म्हणाले, "पण तुमचं पाकीट, आणि उघडलं?"

लाखबाईंचाही तोच प्रश्न होता.

घरी नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बारीकसारीक गोष्टी त्याच्या नजरेतून सुटत नसत, मोठ्या सुटत. हल्ली बायको घासागणिक पाणी पिते, हे त्याने टिपलं होतं. एका जेवणाला एकवीस घोट, हेही मोजलं होतं. का, ते विचारायचं राहिलं होतं.

"धसका घेतलायस तू, दुसरं काही नाही."

"अहो, धसका गुरुवारी घेतला. पाणी अडीच महिने पितेय."

"मग तेव्हाच घेतला असशील."

या माणसाशी वाद घालण्यापेक्षा लिंबाची गोळी चघळलेली बरी. तोंड ओलं राहावं म्हणून लाखबाईंनी तोच नाद लावून घेतला होता. एक विरघळली की दुसरी. शनिवारी दाढेने असा ठणका लावला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

दाताची डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. खुर्ची मागे झुकवून तिने काय होतंय ते विचारलं.

"काय सांगू," लाखबाई म्हणाल्या, "तोंडचं पाणी पळालंय नुसतं."

"कधीपासून?"

"गुरुवारपासून."

"गुरुवारपासून?" डॉक्टरने आरसा आत घातला. "मला तर जुनं दिसतंय. आरसा गालाला चिकटतोय, काकू. लाळच नाहीये तुमच्या तोंडात. गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

लाखबाईंनी पर्समधून दोन पाकिटं काढून दाखवली. रक्तदाबाची पिवळी वर्षभर चालू होती. फायलींच्या धुळीने शिंका येतात म्हणून पांढरी अडीच महिन्यांपूर्वी सुरू झाली होती. डॉक्टर म्हणाली, दोन्ही गोळ्यांनी काहीजणांचं तोंड कोरडं पडतं, आणि दोन्ही मिळून तर विचारायलाच नको. लाळ म्हणजे दातांची राखणदार. ती रजेवर गेली आणि वर दिवसभर साखरेचा पाहुणचार चालू. मग हिरडीलगत तीन दात पोखरले जाणार नाहीत तर काय.

"गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत हं. मी चिठ्ठी देते, ती तुमच्या डॉक्टरांना दाखवा. ते बघतील बदलायच्या का. लिंबाच्या गोळ्या मात्र आजपासून बंद, घोटघोट पाणी प्या. आता आ करा."

त्यांनी आ केला, आणि नेमका त्याच वेळी गुरुवारचा अंगठा आठवला. साधं टपाल पिन मारून जायचं. या अडीच महिन्यांत बंद केलेलं गोपनीय पाकीट ते एकच. सात मोजले होते, बरोबर. पण पट्टी ओली झाली होती का? जीभ तिच्यावरून फिरली होती ती कोरड्या फरशीवरून झाडू फिरावा तशी.

तोंडात आरसा होता. "आँ" एवढंच निघालं.

"दुखलं का?"

त्यांनी मान हलवली. दुखलं होतं, पण दाढेत नाही.

रविवारी त्यांनी घरातली बारा पाकिटं चाटून पाहिली. बाराही उघडली. तेरावं नवऱ्याने चाटलं, ते घट्ट बसलं. सोमवारी मी येऊ का बरोबर, असं त्याने अगदी मनापासून विचारलं. लाखबाईंना हसू आलं नाही. वाफ दिली नाही म्हणावं, तर पुरावा काय? आपल्यालाच चिकटवता आलं नाही म्हणावं, तर मग लाखबाई कसली, आणि किल्ली कसली? इकडे आड, तिकडे विहीर, आणि प्यायला थेंब नाही.

सोमवार, अकरा वाजता.

चौकशी अधिकारी उंच, सुकलेला माणूस. पुढ्यात पाण्याचा ग्लास घेऊन बसले होते. साक्षीला साहेब. मध्ये टेबलावर ते पाकीट, एखाद्या प्रेतासारखं.

"बंद कोणी केलं?"

"मी."

"मग उघडलं कोणी?"

लाखबाईंची जीभ टाळूला चिकटली. त्यांनी ओढून पाहिली. टक् असा आवाज झाला, शब्द मात्र आला नाही. अधिकारी लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते. प्रश्न दुसरा. उत्तर नाही. तोंडाला कोरड.

"खऱ्या माणसाच्या तोंडाला कोरड पडत नसते, बाई," असं म्हणून त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

लाखबाईंचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला. मग पर्सकडे. त्यांनी गोळ्यांची दोन पाकिटं आणि दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी टेबलावर मांडली.

"उघडलं कोणीच नाही, सर. मी बंदच केलं नव्हतं. नुसती जीभ फिरवली. ओल नव्हती तिला."

सव्वीस वर्षं त्या चार वाक्यांत गेली. साहेबांनी मान खाली घातली.

अधिकाऱ्यांचा चेहरा हलला नाही. गोपनीय पाकीट थुंकीअभावी फुटलं, असं वर कळवायला ते तयार नव्हते. त्यांनी कोरं पाकीट पुढे सरकवून करून दाखवायला सांगितलं. लाखबाईंनी जीभ फिरवली, अंगठा दाबला. पाचालाच पट्टी उभी राहिली.

"मुद्दाम काय, कोणीही करेल. आणा इकडे."

अधिकाऱ्यांनी दुसरं पाकीट घेतलं. डावीकडून उजवीकडे, सावकाश, चौकशीला शोभेल अशी जीभ फिरवली आणि तळव्याने दाबलं. मोजायचं काम साहेबांनी केलं. सात. हात उचलला, आणि पाकिटाने जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं.

त्यांनी तिसरं घेतलं. मग चौथं. साहेबांना बघवेना, म्हणून पाचवं त्यांनी घेतलं. ते एका कोपऱ्यात जेमतेम धरलं. त्याच वेळी शिपाई चहा घेऊन आत आला. दोघांच्या जिभा बाहेर होत्या. त्याने ट्रे ठेवला आणि दार हळूच ओढून घेतलं.

"पिवळी सकाळीच का?" लाखबाईंनी विचारलं.

अधिकाऱ्यांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"सकाळी," अधिकारी म्हणाले. "आणि झोपेची एक."

"दाढा?"

"दोन काढल्या." त्यांचा हात गालावर गेला आणि तिथेच थांबला. चार वर्षांतले त्यांचे सगळे गोपनीय अहवाल त्यांनी स्वतःच्या जिभेने बंद करून पाठवले होते. त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं असतं, पण पळायला होतं कुठे?

लाखबाईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. दाताच्या डॉक्टरचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. गोळ्या मनाने बंद करू नका, असं बजावलंही, अगदी त्या मुलीच्याच सुरात.

अहवाल दीड ओळीचा झाला. पाकिटांच्या पट्टीवरील डिंकाचा दर्जा निकृष्ट आढळल्याने सदर पाकीट वाटेत आपोआप उघडले. संबंधित कर्मचारी निर्दोष. अधिकाऱ्यांनी तो पाकिटात घातला, पट्टीकडे पाहिलं आणि पाकीट निमूटपणे लाखबाईंच्या हातात दिलं. लाखबाईंनी त्यांच्याच ग्लासात बोट बुडवलं, पट्टीवरून डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवलं, अंगठा दाबला, सात मोजले. पाकीट बंद झालं ते झालं. किल्ली कमरेलाच राहिली.

गुरुवारचं पाकीट लाखबाईंनी बंद केलं होतं साडेदहा वाजता. बदल्यांवरून कँटीनमध्ये भांडण लागलं होतं ते त्याच सकाळी दहाला, यादी साहेबांच्याच टेबलावर असताना.