घागरीतली पदवी

"उमाबाई, कागदपत्रं पाण्यापासून लांब ठेवा हं!"

मार्तंडराव सरांनी हे बजावलं तेव्हा उमा इतकी हसली की तिच्या टाइपरायटरवर 'सविनय'च्या जागी 'ससससविनय' उमटलं.

"सर, लातुरात पाणी आहे कुठं कागद भिजवायला?"

अख्खा टायपिंग क्लास हसला. सर हसले नाहीत. त्यांची स्वतःची मॅट्रिकची सनद तीस वर्षांपूर्वी गळक्या पत्र्याखाली भिजून गेली होती. तेव्हापासून ते पाण्याकडे जावयाकडे बघावं तसं बघत, म्हणजे मान देऊन आणि जरा संशयाने!

पण उमाचं तरी काय चुकलं? लातूर नवा जिल्हा झाला. ऑफिसं आली, साहेब आले, साहेबांच्या जीपा आल्या. एक पाणी तेवढं यायचं राहिलं! गल्लीतले नळ कोरडे पडले होते. नळाला कान लावला तर शंखासारखा आवाज येई. दर शुक्रवारी टँकर येई, आणि त्या दिवशी गल्लीत लग्नापेक्षा जास्त गर्दी होई.

उमाला अठ्ठावीस पुरी झाली होती. माहेर देवणीचं, उदगीरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि पदरात तीन वर्षांची नीलू होती. नवरा गुरुलिंग गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडत दुकानात मुनीम होता. पण शेतात पिकलं नाही, तर आडतीत येणार काय? काटा रिकामा झुलायचा आणि गुरुलिंगचा पगार निम्म्यावर आला होता. म्हणून उमाने क्लास धरला. क्लासात बाकी सगळी मिसरूड फुटायच्या बेतातली पोरं. तिला 'काकू' म्हणायची आणि शिफ्टची कळ अडकली की तिलाच हाक मारायची.

फीची तजवीज तिने स्वतःच केली होती. दुष्काळात माणसं दोनच गोष्टी करतात, आभाळाकडे बघतात आणि अर्ज करतात! चाऱ्यासाठी अर्ज, बोअरसाठी अर्ज, आधीच्या अर्जाचं काय झालं म्हणून अर्ज. ते सगळे सरांकडे टाइप करायला यायचे आणि सर तिला पानामागे चार आणे द्यायचे. दुष्काळ वाढला की अर्ज वाढत, आणि अर्ज वाढले की उमाची फी निघे. याची तिला मनातून लाज वाटे. पण फीची तारीख काही तिच्या लाजेसाठी थांबत नसे.

आणि मग ते कार्ड आलं! नव्या कचेरीत टंचाईच्या कामासाठी तात्पुरती टंकलेखिका हवी होती. गुरुवारी सकाळी अकरा वाजता मुलाखत, मूळ प्रमाणपत्रांसह हजर राहावे.

मूळ प्रमाणपत्रं! उमाची रात्रीची झोप उडाली. एक तर नीलूला पेन्सिल सापडली होती आणि तिने आठ दिवसांत भिंत, रेशनकार्ड आणि बापाचा पांढरा सदरा असं सगळं रंगवून काढलं होतं. ट्रंकेत ठेवावं, तर उपाशी उंदरांनी ट्रंकेतला जुना शालू कुरतडलेला. सासूबाईंकडे द्यावं, तर गुरम्माआत्यांचा स्वभाव सगळ्या गल्लीला ठाऊक! त्यांना सकाळी कळलेली गोष्ट दुपारी पिठाच्या गिरणीत असे. मुलाखतीचं गल्लीभर झालं आणि नोकरी नाही मिळाली, तर तोंड कुठं लपवायचं?

उमा घरभर नजर फिरवत राहिली आणि एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. फळीवरची घागर! देवणीहून रुखवतात आलेली, 'सौ. उमादेवी' असं नाव कोरलेली पितळी घागर! उंदराचा दात लागत नाही, नीलूचा हात पोचत नाही. आणि दुष्काळात घरातली सगळ्यात कोरडी जागा कोणती, तर पाण्याची घागर!

तिने बी.ए.ची पदवी, गुणपत्रिका, टायपिंगचं प्रमाणपत्र आणि कार्ड यांची गुंडाळी केली. आत पुढच्या परीक्षेच्या फीचे पस्तीस रुपये ठेवले, वरून नीलूचं जुनं झबलं गुंडाळलं आणि सगळं घागरीच्या पोटात सोडून दिलं. मग लांब उभी राहून आपल्याच हुशारीकडे पाहिलं. असली तिजोरी लातुरातल्या शेटजींकडेही नसेल!

बुधवार उजाडला. दुपारी बाराला उमा क्लासातून निघाली, ती उद्याच्या मुलाखतीची उत्तरं पुटपुटतच. कोपऱ्यावर वळली आणि तिथेच थबकली. गल्लीत हीऽऽ लांब रांग! घागरी, हंडे, कळशा, तेलाचे डबे, एका घरची तर परातसुद्धा! टँकर शुक्रवारचा बुधवारीच आला होता!

रांगेशेजारी ओट्यावर गुरम्माआत्या मांडीवर नीलूला घेऊन बसल्या होत्या. चेहऱ्यावर निवडणूक जिंकल्याचा आनंद होता.

"आलीस का? बाविसावा नंबर लागला बघ आपला! मलप्पा डायवर म्हणला, उद्या-परवा टँकर न्हाई, आजच घ्या. पळतच आले मी!"

"पण आत्या, आपली दुसरी घागर तर डाग द्यायला कासाराकडं दिलीय."

"हाव की! म्हणून फळीवरची काढली. उगी शोभेला ठेवून राहिलीस इतके दिवस!"

उमाच्या पायांखालची जमीन मलप्पाच्या टँकरसारखी निघून गेली.

"आत्या... आत बघितलं का तुम्ही?"

"घागरीत काय बघायचं? पाणी नसतंय त्यात, सगळ्या लातूरला ठाव हाय!"

बाविसाव्या जागी जुनी घागर होती आणि तिला टेकून 'सौ. उमादेवी' ऐटीत उभी होती. टँकरची नळी सतराव्या भांड्यात होती!

आता या गल्लीचा कायदा सांगायला हवा. भांडं म्हणजे नंबर. माणूस जेवायला जावो, झोपायला जावो, भांडं जागेवर आहे तोवर नंबर पक्का. पण भांडं उचललं की नंबर गेला, जायचं थेट शेवटी! आणि शेवटच्या दहा भांड्यांना पाणी मिळाल्याचं गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. घागर उचलावी तर घराचं निम्मं पाणी जातं, तेही घरात तीन वर्षांचं लेकरू असताना! न उचलावी तर पदवी बुडते. खरंखुरं सांगून टाकावं, तर शेजारी गल्लीतलीच सिंधु उभी. तिच्यापुढे आत्या म्हणजे मौनव्रती!

उमाने तिसराच मार्ग काढला. घागर जागेवर ठेवायची आणि आत हात घालून गुंडाळी काढून घ्यायची. साधं काम! ती खाली बसली आणि बोटं मिटून हात आत सरकवला. चार हिरव्या बांगड्या काठावर कुरकुरल्या आणि आत गेल्या. बोटांना झबलं लागलं, कागद लागले. तिने गच्च मूठ आवळली आणि ओढलं.

हात येईना!

मूठ सैल केली. पुन्हा ओढलं. आता बांगड्या घागरीच्या गळ्यात आडव्या झाल्या.

"काय गं उमे, काय करून राहिलीस?" सिंधुचा आवाज आला.

"काही नाही. घागर... पुसून घेते आतून."

"पुसती? अन् मग रडती कशाला?"

"राख गेली डोळ्यांत."

"राख कुठाय इथं?" सिंधु पुढे वाकली आणि मग तिने असा सूर लावला की पार गोलाईच्या बाजारापर्यंत ऐकू जावा. "बायांनो, बघा! ही घागर सरकवून राहिली! हळूच एकविसावी करती काय?"

"बाविसाव्याची एकविसावी करून मला काय मिळणार गं?"

"म्हणजे सरकवलीस तर!"

झालं! तेवीस नंबरवाली उठली, सव्वीस नंबरवाली उठली, एक्केचाळीसवालीला तर काहीच दिसत नव्हतं, पण सगळ्यात मोठ्याने तीच ओरडत होती. "काढा ती घागर! शेवटी ठेवा!"

"कोण हात लावतंय बघतेच!" गुरम्माआत्या नीलूला काखोटीला मारून उभ्या राहिल्या. "माझ्या सुनेचा हात आत हाय म्हणजे काहीतरी कामच असंल की!"

सून मनातल्या मनात म्हणाली, आत्या, तेवढं सोडून बाकी सगळं बोला!

नळी विसाव्या भांड्यात आली. मग एकविसाव्या. मलप्पा नळी ओढत जवळ आला आणि त्याने गुरम्माआत्यांची जुनी घागर भरायला घेतली.

"ओ ताई, हात काढा. पुढचं भांडं तुमचंच हाय ना?"

"हो... नाही... म्हणजे, हे सोडून पुढं जा!"

"सोडून जा?" आत्या किंचाळल्या. "डोकं फिरलं का पोरी? भर रे मलप्पा, हातावरनं सोड पाणी! हात काय इरघळतोय?"

आत्यांच्या धाकाने मलप्पाने जुनी घागर अर्ध्यावर सोडली आणि नळीचं तोंड उमाच्या मनगटाकडे वळू लागलं. उमाने डोळे गच्च मिटले. तिच्यासमोर उदगीरची तीन वर्षं आली, कंदिलाखाली पाठ केलेला इतिहास आला, चार-चार आण्यांचे अर्ज आले. सगळे तरंगत होते!

फुर्रर्र... फुस्स...

नळीने एक ढेकर दिला, दोन थेंब टाकले आणि मान टाकली. जुनी घागर अर्धीच राहिली होती.

"संपलं," मलप्पा म्हणाला. "पाणी संपलं, बायांनो!"

"बरं झालं!" उमा ओरडली. "देवा, लई बरं झालं!"

सगळी गल्ली वळली. पन्नास रिकामी भांडी आणि पन्नास भरलेले डोळे तिच्याकडे बघत होते. गेल्या दोन वर्षांत टँकर संपल्याचा आनंद झालेली बाई लातूरकरांनी पाहिली नव्हती.

"काय म्हणलीस?" सिंधु हलक्या आवाजात म्हणाली. सिंधु हलक्या आवाजात बोलली की समजावं, काही खरं नाही.

पण गल्लीने तिला जागीच फाडून खाल्लं नाही, कारण तिचा हात अजून घागरीतच होता. अडकलेल्या बाईला शिव्या देण्यात मजा नसते. आधी सोडवावं, मग द्याव्यात! कुणी म्हणालं साबण लावा. पण साबणाला पाणी लागतं, आणि 'बरं झालं' म्हणणाऱ्या बाईला तांब्याभर पाणी कोण देणार? सिंधु दगड घेऊन आली. "बांगड्या फोडून टाकते."

"खबरदार!" गुरम्माआत्या आडव्या आल्या. "सवाशिणीच्या हातावर दगड घालतीस? तेल आणते मी!"

आणि आत्यांनी करडीच्या तेलाची बाटली आणली. दोन थेंब पुरले असते. पण आत्यांनी आयुष्यात कशाचे दोन थेंब घातले नव्हते! अर्धी बाटली मनगटावरून ओघळत घागरीत गेली. हात सुटला, 'पॉक्' असा आवाज करून! मुठीत झबलं, झबल्यात कागद, आणि सगळ्यातून तेल निथळत होतं.

उमा ओट्यावर बसून हमसाहमशी रडली आणि सगळं सांगून टाकलं.

आत्यांनी पदवी उजेडात धरली. आरपार त्यांचं स्वतःचं घर दिसलं.

"एवढंच व्हय? मग मला सांगायचं न्हाई? मी काय गावभर करते का?"

दिवेलागणीपर्यंत बातमी पिठाच्या गिरणीच्याही पुढे गेली होती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांनी पदवी हातात घेतली. बोटांकडे पाहिलं, मग पदवीकडे, मग उमाकडे.

"बाई, ही तळून आणली की काय?"

उमाने तेलाबद्दल खोटी उत्तरं पाठ केली होती. पण हाताला अजून करडीचा वास येत होता आणि त्या वासापुढे खोटं टिकेना. तिने घागरीपासून 'बरं झालं'पर्यंत सगळं सांगितलं. साहेब इतके हसले की शिपाई धावत आला. मग त्यांनी टाइप करायला मजकूर दिला. तिने एकही चूक केली नाही. हाताला तेल असल्याने बोटं जरा भरभरच चालली म्हणा ना!

तिला नोकरी लागली! तीन महिन्यांची, रोजंदारीची, पण नोकरी! गुरुलिंगने गंजातून पेढे आणले आणि पहिला पेढा, कुणास ठाऊक का, घागरीपुढे ठेवला.

सोमवारी उमा टेबलाशी बसली. पहिलाच कागद टाइप करायला आला. तक्रार अर्ज होता, त्यांच्याच गल्लीचा. 'रांगेत हात घालून पाणीवाटपास अडथळा करणारी व पाणी संपल्यावर आनंद व्यक्त करणारी इसम उमादेवी गुरुलिंग, हिच्यावर कडक कारवाई व्हावी.' तीन प्रतींत! खाली सिंधुची सही, मग बेचाळीस अंगठे. सगळ्यात ठळक अंगठा गुरम्माआत्यांचा होता.

"सगळ्या करून राहिल्या, म्हणून मीबी केला," आत्या संध्याकाळी म्हणाल्या. "वाचून कुठं दावला कुणी!"

उमाने स्वतःचं नाव बिनचूक टाइप केलं आणि कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, "बाविसाव्या भांड्यालाच पाणी संपतं? मग ही तक्रार बाईची नाही, टँकरची आहे!" आणि गल्लीला मंगळवारची एक जादा खेप मंजूर झाली. तेव्हापासून सिंधु सांगते की तक्रार तिने मुद्दाम केली होती, उमाच्या भल्यासाठी!

आता सगळं ठीक आहे. पदवीचं तेल उन्हात बरंचसं गेलं. कागद तेव्हापासून सरांच्या कपाटात आहेत, पाण्यापासून लांब. फक्त एक घोर उमाला आहे, आणि तो तिने तुमच्या कानावर घालायला सांगितलाय. पहिल्या पगारातले पन्नास रुपये तिने आत्यांच्या हातावर ठेवले. ते त्यांनी कुठे ठेवले ते त्या सांगत नाहीत. नुसतं फळीकडे बघून हसतात. आत्यांचं मनगट उमाच्यापेक्षा दुप्पट जाड आहे. मंगळवारी दुपारी टँकर येतो तेव्हा उमा ऑफिसात असते. त्या बाजूने जाणं झालं, तर आमच्या गुरम्माआत्यांना एक हाक मारून बघा. आणि जाताना खिशात तेलाची छोटी बाटली असू द्या!