परबबाईंचा नकार

आमच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीच्या मुलांसाठी दर शनिवारी प्रगत फिजिक्सचा एक जादा वर्ग चालतो. तो घेऊ नका म्हणून मुलांच्या मागे लागणारी कॉलेजात एकच व्यक्ती आहे आणि तो वर्ग शिकवतेही तीच. परबबाई.

नावनोंदणीच्या आठवड्यात बाई स्टाफरूमच्या दारात खुर्ची टाकून बसतात. मी मराठी शिकवते. माझं टेबल दाराशीच, त्यामुळे अकरा वर्षं हे सगळं मी ऐकत आलेय. कुणीतरी फॉर्म घेऊन येतं. बाई चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "कित्याक?" त्यांचं घर मूळचं मालवणकडचं. एरवी तुमच्याआमच्यासारखंच बोलतात, पण फॉर्म दिसला की मालवणी. 'कशाला' असं विचारलंय हे पोराला कळेपर्यंत पुढचं सुरू झालेलं असतं. "राहतोस कुठे? मालाडला? म्हणजे शनिवारी जेवायचे वांधे. मार्कशीटवर यातलं काही येत नाही, माहितीये ना? मित्र फिरायला जातील, तू पेंड्युलमचे झोके मोजत बसशील. नको घेऊस."

"मॅडम, मला आवडतं म्हणून," एकजण म्हणाला.

"मला श्रीखंड आवडतं. रोज खाते का मी?"

अर्धी मुलं तिथेच फॉर्मची घडी करून चालू पडतात. उरलेली वाद घालतात, लालबुंद होतात, मग बाई सही करतात. तीही अशी, की जणू कुणाच्या ऑपरेशनला संमती देतायत.

"वर्ग बंद पाडायचाय का तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"झोपतात गं पोरं वर्गात. दमलेली असतात. मीही दमलेय."

दोन शिफ्टचं कॉलेज, खच्चून भरलेले वर्ग, पेपरांचे गठ्ठे. दमण्याबाबत आमच्यात मतभेद नव्हते.

यंदा प्राचार्यांचा निरोप आला, पाच मुलं झाली नाहीत तर वर्ग बंद. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत चार झाली होती. पाचवी आली श्रुती गायकवाड. भांडुपच्या टेकडीवर राहणारी, हळू आवाजात बोलणारी मुलगी. मला वाटलं, आता तरी बाई गुपचूप सही करतील.

"कित्याक?"

"पुस्तकात थोडंच दिलंय. पुढचं कळत नाही."

"क्लास लावलायस?"

"नाही."

"घरी अभ्यासाला जागा आहे?"

"नाही."

"मग नाही झेपणार तुला. नको घेऊस."

श्रुतीने वाद घातला नाही. "ठीक आहे, मॅडम," म्हणाली आणि गेली.

बाई ती गेली तिकडे बघत राहिल्या. पुढच्या तासाची घंटा झाली तरी उठेनात. मग मला म्हणाल्या, "ही भांडली का नाही गं?"

"तुम्ही झेपणार नाही म्हणालात, तिने ऐकलं." माझे पाय दुखत होते. आवाज जरा तिखटच लागला असेल.

कॉलेज सुटल्यावर बाईंनी ऑफिसातून पत्ता काढला. "येतेस भांडुपला?" मला अजिबात जायचं नव्हतं. गेले. रिक्षावाल्याने टेकडीच्या मध्यावर उतरवलं. पुढे नुसत्या पायऱ्या. बाईंचे गुडघे बोंबलत होते. थोडं चढायचं, थांबायचं, परत चढायचं.

श्रुती दारात तांदूळ निवडत बसली होती. तिची आई दवाखान्यात आयाचं काम करते, नुकतीच घरी आलेली. आम्हाला बघून घाबरली. "काय केलं हिने?"

"तिने काही नाही केलं. चूक माझी झाली," बाई म्हणाल्या. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

मग त्या श्रुतीच्या शेजारी पायरीवर टेकल्या. "मी सगळ्यांनाच नको म्हणते. मला वाटायचं, ज्याला खरंच हवंय तो भांडेल. तुला भांडायची सवय नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मलाही नव्हती. एमएस्सी झाल्यावर मला संशोधन करायचं होतं. सर म्हणाले, परब, घरचं बघ, झेपणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे, सर."

मग आईने विचारलं, "पण झेपेल का हिला?"

"माहीत नाही. पहिला महिना रडेल. मी असेन तिथे."

"तुला काय पाहिजे ते तूच बोल," आई लेकीला म्हणाली. "मॅडम एवढ्या चढून आल्यात."

श्रुती तांदळाकडेच बघत होती. "मला घ्यायचाय," ती म्हणाली आणि मग जरा मोठ्याने, "पण शनिवारी आमच्याकडे पाणी दुपारी येतं. उशीर झाला तर ओरडायचं नाही."

"नाही ओरडणार."

फॉर्म तिने वहीत जपून ठेवला होता. बाईंनी तो गुडघ्यावर ठेवून सही केली.

खाली रस्त्याला लागल्यावर मी रिक्षाला हात करणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "घाई आहे का गं तुला? घाटकोपरला माझ्या घरी चल ना. चहा करते."

अकरा वर्षांत त्यांनी मला कधी घरी बोलावलं नव्हतं.

"शनिवारचा वर्ग सुटला ना, की एकदम सोमवारीच बोलते मी कुणाशी," त्या रिक्षा शोधत सहज म्हणाल्या.

मी घरी फोन करून सांगितलं, मला यायला उशीर होईल.