दस्तगीरचाचांची टाकी

रोज सकाळी आमच्या चाळीच्या मागच्या अंगणात एक पासष्टीचे गृहस्थ संडासाच्या टाकीच्या झाकणाला कान लावून पालथे पडलेले असायचे. नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी पहिल्याच दिवशी ते बघितलं आणि "मेलं की हो कुणीतरी!" म्हणून सगळी चाळ गोळा केली. मेलेल्या गृहस्थांनी मान वर केली. म्हणाले, "गप बसा वो बाई, आवाज ऐकू द्या."

हे आमचे दस्तगीरचाचा. उभा जन्म प्रवासी बोटीवर काढलेला, तोही तळात. बोटीवरच्या सगळ्या माणसांची घाण ज्या टाकीत साठते, ती ह्यांच्या ताब्यात. बंदरात असताना ती समुद्रात सोडायची नाही, तुंबू द्यायची नाही आणि वास वर जाऊ द्यायचा नाही, ही नोकरी. रिटायर होऊन कोल्हापुरात घरी आले. इथं समुद्र नाही, पण आमच्या भागात तेव्हा ड्रेनेजही नव्हतं. आठ बिऱ्हाडांत मिळून मागं एकच टाकी. चाचांना आणखी काय पाहिजे?

टाकीला त्यांच्या लेखी पोट होतं, आणि नाकही होतं. नाक म्हणजे वास बाहेर सोडणारा उंच पाइप. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून ते आत सोडायचे, गाळ कुठवर आलाय ते फडक्यावर बघायचे आणि डॉक्टरसारखा चेहरा करून विचारायचे, "काय गिळलंय हिनं?" मग घरोघर चौकशी. एकदा आत कंगवा सापडला. तो धुऊन त्यांनी आठी दारांत फिरवला. कुणी कबूल होईना. कंगवा माझा होता. मी अजून बोललेलो नाही.

अशात आमच्या सुमनचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलं. वडील नाहीत, त्यामुळं सगळं माझ्या डोक्यावर. मांडव मागच्या अंगणातच, म्हणजे टाकीला लागून. पाहुणे इचलकरंजीचे, आणि नाक मुरडण्यात वरमाईचा हात कुणी धरला नसता. जरा वास आला असता तरी सुमनला जन्मभर टोमणे खावे लागले असते. म्हणून आईनं आठवडाभर आधी चारी संडासांत मिळून फिनेलच्या सहा बाटल्या ओतल्या. स्वच्छ म्हणजे कसं, एकदम स्वच्छ!

तिसऱ्या दिवशी असा वास सुटला की चाळीत कुणाला जेवण जाईना. वर पाणीही तुंबायला लागलं. चाचांनी झाकणाला कान लावला, काठी घालून बघितली आणि ती बाजूला टाकून दिली.

"ताई, मारली की वो हिला!"

"अहो, फिनेल घातलं मी. विष नव्हे!" आई म्हणाली.

"हिच्या पोटात बारकं बारकं जीव असत्यात. समदं तेच पचवत्यात. त्यास्नी ते विषच की!"

आईनं बोटांवर दिवस मोजले. "आता हो? शुक्रवारी लग्न आहे!"

"मी सांगतो ते करायचं. मधी कुणी बोलायचं न्हाय. शेण आणा ताजं. आन गूळ काढा."

"लग्नाचा गूळ? तिथं?" आई रडायचीच बाकी राहिली.

"पिवळा नगं, काळा चालंल," चाचांनी मन मोठं केलं.

शेणाचा काला आणि गुळाचं पाणी, रोज दोन बादल्या टाकीला. चाळीला पथ्य. साबणाचं पाणी आत जाता कामा नये, आणि बाप्यांनी सरळ रानाची वाट धरायची. मी चाळीत सगळ्यांना त्यांच्या नकला करून दाखवत होतो. म्हटलं, "चाचा, हे जरा अतीच होतंय." तर म्हणाले, "पावणं तुझ्या दारात येणार का माझ्या?"

गुरुवारी सकाळी झाकणावरनं उठले ते हसतच. "बोलाय लागली! बुडबुडं सुटल्यात आत."

लग्नाला वासाचं नाव नाही. वरमाय खोड काढायला सगळीकडं हिंडली आणि शेवटी आमटी आळणी आहे म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

पंगती उठल्या तरी चाचा दिसेनात. बघतो तर मांडवाच्या कनातीमागं टाकीपाशी बसलेले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. आचारी भाजीच्या तेलकट भांड्यांचं पाणी टाकीला जोडलेल्या मोरीत ओतायला टपलेले, आणि चाचा त्यांना हाकलत होते.

"चाचा, चला. सुमन निघाली. तुम्हाला विचारतेय."

"तू जा. मी उठलो की ही मंडळी तेल वतत्यात. अजून अशक्त हाय ती."

"अहो, पाच मिनिटं!"

त्यांनी काठीवरचं फडकं घट्ट केलं. मग म्हणाले, "माझ्या शमीमची शादी हुती तवा बोट मुंबईला लागल्याली. रजा मंजूर, पिशवी भरल्याली. आन टाकी तुंबली. सायब म्हणाला, मोकळी करून जा. मी एस्टीनं हितं पोचलो तवर मांडव सोडत हुते."

"आणि शमीम?"

"गेलती की सासरला."

चार दिवस मी ह्या माणसाची टिंगल केली होती, त्याची लाज वाटली. मी त्यांच्या हातातली काठी काढून घेतली.

"उठा. मी बसतो इथं."

"अरं, तुझी भन हाय ती!"

"मांडवपरतणीला मीच आणायला जाणार आहे तिला. उठा म्हणतो ना!"

ते उठले, रुमालानं हात पुसले, पुन्हा पुसले आणि कनात बाजूला करून गेले. मी नवा कोट घालून टाकीपाशी बसलो. वाजंत्री सुरू झाली, सुमनचं रडणं ऐकू आलं. एक आचारी पातेलं घेऊन आला, त्याला मी काठी दाखवली.

थोरला भाऊ असून ऐन वेळी कुठं उलथला होतास, म्हणून आईनं मला पुढं आठवडाभर फैलावर घेतलं. तीच सांगते, गाडी हलली तेव्हा सगळे मांडवाच्या दारात थांबले. चाचा तेवढे गाडीच्या काचेवर हात ठेवून सुमनबरोबर पार कोपऱ्यापर्यंत चालत गेले.