मेणाचं कपाट

तायडेभाऊंच्या खोलीत एकच कूलर आहे आणि त्याचं तोंड कपाटाकडे. शेलूबाजारात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं त्या दिवसांतही हा माणूस दारात घामाघूम बसतो. बसतो कसला, दर पाच मिनिटांनी उठून कपाटाला हात लावून येतो.

"कपाटाले ताप आला का?" मी विचारतो.

"मेण नरम पडते न, शेट!"

कपाट माझं आहे. गावातली तपासणीची लॅब बंद पडली तेव्हा तिथलं जुनं सामान मी घासाघीस करून घेतलं. टेबलं-खुर्च्या विकल्या. कपाटात मात्र रोग्यांच्या गाठींचे तुकडे, मेणाच्या वड्यांत घालून ठेवलेले. लॅबमध्ये तंत्रज्ञ असलेल्या, माझ्या जुन्या ओळखीच्या तायडेभाऊंनी ते कपाटासकट घरी नेलं. "नागपूरवाले संशोधनाले नेतीन, तवर राहू द्या." या 'तवर'मध्ये दोन उन्हाळे गेले. मी हातगाडी ओढून दुकान उभं केलेला माणूस. माल अडकला की माझं डोकं फिरतं.

भांडायला जावं, तर यांचं सुरू. "मोठाल्या आरएनएचा मेणात भुगा होते. पण जनुकांले 'गप बस' म्हननारे बारके आरएनए वीस वर्सांनं बी सापडतात! बारकं हाय म्हनून टिकलं, शेट!" कप फुटून बशी उरली तरी हेच वाक्य.

अखेर नागपूरवाले वड्या घेऊन गेले. मी त्याच दिवशी गिऱ्हाईक घेऊन धडकलो. कप्पे रिकामे, पण एक वडी शिल्लक.

"हे काहून ठेवली? फेकू?" मी हात घातला.

"हात नोको लावू!" तायडेभाऊ ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग खाली बसले. "शोभाची हाय."

शोभावहिनींना जाऊन सहा वर्षं झाली.

"नागपूरची पोरगी म्हने, द्या, तपासून सांगतो. औषध काहून लागू पडलं नाई, ते कदाचित समजंन."

"मंग द्या न!"

"तपासाले वडीचे पातळ काप काढा लागते, शेट. दर कापाले वडी कमी होते." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. "आता एवढीशीच उरली."

गिऱ्हाईक म्हणालं, "उचलायचं का कपाट?"

"नाई! सौदा मोडला!" मी त्याच्यावरच खेकसलो.

एवढ्याशा वडीसाठी अख्खं कपाट अडवलं, म्हणून मी तायडेभाऊंना अजून शिव्या घालतो. रोज दुपारी जातो, शिव्या घालतो आणि कूलरमध्ये पाणी ओतून येतो.