चाळीस सेकंद मागची दृष्ट

टीव्हीसाठी एक छदामही द्यायचा नाही, असा पण मी दिवाळीत केला आणि तो आजही मोडलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. डिश मी स्वतः गच्चीवर चढून काढली. "सगळं फुकट दिसतं हो आता ॲपवर!" हे मी निम्म्या कोल्हारला पटवलं. पटलं नाही ते फक्त सुकन्याला, म्हणजे आमच्या सौ.ना.

त्यात आमची लेक संस्कृती राज्य कबड्डीच्या अंतिम सामन्यात पोचली. सामना थेट दाखवणार होते. नातीचा खेळ बघायला सासूबाई खर्ड्याहून एसटीनं आल्या, पिशवीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन.

"पोरगी समद्या महाराष्ट्राम्होरं खेळनार. दिष्ट न्हाई का लागायची? दर चढाईला उतरवनार मी!"

"उतरवा! घामाचे थेंब मोजाल, इतकं स्वच्छ दिसेल!" मी म्हणालो.

ॲपनं आधी माझा नंबर विचारला, मग जन्मतारीख, मग आवडीनिवडी. एवढी चौकशी सासूबाईंनी मुलगी देतानाही केली नव्हती.

चारला सामना लागला. संस्कृती चढाईला निघाली. सासूबाई मूठ भरून टीव्हीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटून पुटपुटत तीनदा ओवाळलं. डोळे उघडले, तर पडद्यावर केस मोकळे सोडून एक तेलवाली बाई!

"ही कोन?"

"जाहिरात. फुकट आहे ना, आई!"

"मंजी मी हिची दिष्ट काढली?"

बाई खरोखरच टवटवीत दिसत होती.

पुढची प्रत्येक चढाई जाहिरातीतच गेली; सामना संपत आला तेव्हा कुठे एका चढाईला जाहिरात आली नाही. मूठ फिरू लागली, तोच भिंतीपलीकडून शेजारचे इब्राहिमभाई ओरडले, "अरेरे! पकडली पोरीला!"

आमची संस्कृती अजून मधल्या रेषेलाही पोचली नव्हती.

"त्यांच्याकडे डिश आहे," सुकन्या शांतपणे म्हणाली. "आपलं चाळीस सेकंद मागं चाललंय."

सासूबाईंचा हात हवेतच थांबला. "मंजी पोरगी पडल्यावर मी दिष्ट काढतीय?"

"चाळीस सेकंदांनी काय होतंय, आई?"

"जावईबापू, इच्चू चावल्यावर चप्पल घालून काय उपेग?"

मी तडक ॲप बंद करून पुन्हा उघडलं. त्यानं आधी दोन जाहिराती दाखवल्या आणि मग सामना पहिल्यापासून लावला! पुढे ढकलायला गेलो, तर ती सोय पैसे भरणाऱ्यांना. म्हणजे आता आम्ही पाऊण तास मागे!

एवढ्यात अंगणातल्या भिंतीवर इब्राहिमभाईंच्या बेगमचं, जरीनाभाभींचं डोकं उगवलं. "सर, बराबरी झालीय! शेवटची चढाई, संस्कृतीच जातीय! या ना पटकन!"

"आम्ही इथंच बघू!" मी बाणेदारपणे म्हणालो.

'आम्ही'मध्ये मी एकटाच उरलो होतो. देवळाच्या चार पायऱ्यांना गुडघे दुखणाऱ्या सासूबाई स्टुलावरून भिंत ओलांडून पलीकडे गेल्याही होत्या. मुठीतलं मीठ सांडलं नव्हतं. मागोमाग सुकन्या.

मी हरणार नव्हतो. मी कानांत बोटं घातली. तरी पलीकडचा जल्लोष ऐकू आलाच, आणि मग जाळलेल्या मिरच्यांचा ठसका. इब्राहिमभाईंचं घर खोकत-खोकत हसत होतं. मी मात्र ठरवलं, मला काही माहीत नाही!

पाऊण तास आणि अकरा जाहिरातींनंतर माझी लेक तीन जणींना ओढत मधल्या रेषेवर पडली. मी अशी आरोळी ठोकली की इब्राहिमभाई काठी घेऊन धावत आले. मागे सगळे.

"काय झालं, सर? साप निघाला?"

"संस्कृती जिंकली!!"

इब्राहिमभाईंनी काठी खाली ठेवली आणि ते आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "मुबारक हो, सर."

तेवढ्यात संस्कृतीचा फोन. "बाबा, शेवटची चढाई पाहिलीत?"

"पाहिली! एक पैसा न देता!"

"आणि नंतरची माझी मुलाखत?"

मी पडद्याकडे पाहिलं. 'पुढील भाग फक्त सदस्यांसाठी.'

मी सदस्य झालेलो नाही. होणारही नाही. मुलाखतीत पोरगी आपल्या बाबांबद्दल फार छान बोलली, असं जरीनाभाभी सांगतात. त्यांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे.