रिकाम्या गंजाचं वजन

आमच्या शेजारच्या खोब्रागडे काकांना जेवायला बोलावलंत, तर ते सोबत काटा घेऊन येतात. बॅटरीवर चालणारा, पिशवीत मावणारा. तुमची पोळी त्यावर ठेवतात, आकडा बघतात, फोनमध्ये भरतात आणि मगच पहिला घास मोडतात. आमच्या हिने एकदा हौसेने त्यांना सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली वडी, दिली. चव कशी झाली ते राहिलं बाजूला, सारणात खोबरं किती ग्रॅम घातलं याची उलटतपासणी झाली. तेव्हापासून आमच्याकडून त्यांच्याकडे वाटी जाते ती फक्त दह्याची.

यात काकांचाही दोष नाही. वणीतून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका धर्मकाट्यावर त्यांनी बत्तीस वर्षं कोळशाचे ट्रक मोजले. रिकामा ट्रक मोजायचा, भरून आला की पुन्हा मोजायचा. "पहिले खाली, मंग भरलेली. मधातला फरक तो माल." काकांचं सगळं तत्त्वज्ञान एवढ्यात संपतं. दुसरं एक वाक्य आहे, ते ड्रायव्हरांसाठी होतं, आता सगळ्या जगासाठी आहे: "अंदाजात चोर असते, सर."

निवृत्त झाल्यावर काकांचं पोट पुढे आलं आणि गुडघे बोलू लागले. डॉक्टरांनी आठ किलो उतरवायला सांगितलं. नागपूरच्या मुलीने फोनमध्ये कॅलरी मोजायचं ॲप टाकून दिलं आणि ती निघून गेली. भोगायला काकू राहिल्या.

ॲपमध्ये काकांनी 'झुणका' शोधला तर तिथे डझनभर झुणके निघाले. एकात नव्वद कॅलरी, दुसऱ्यात चारशे. माप काय, तर 'एक प्लेट'. कोणाची प्लेट, यावर काका दोन दिवस अस्वस्थ होते. भाकरीचं तसंच. ॲपमधली भाकरी तळहाताएवढी असावी. काकूंची भाकर परातीला आव्हान देते. तिसऱ्या दिवशी काकांनी जाहीर केलं की लोकांच्या झुणक्यावर आपला भरवसा नाही, घरचा झुणका आपण स्वतः मोजून भरणार.

त्या दिवसापासून स्वयंपाकघराचा धर्मकाटा झाला. गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, आधी रिकामं मोजायचं. तेलाची बाटली फोडणीआधी आणि फोडणीनंतर. बेसन, कांदा, सगळं कच्चं मोजायचं आणि शिजल्यावर गंजासकट पुन्हा. काकूंचा जन्म मुठीने स्वयंपाक करण्यात गेलेला. तेल किती, असं विचारलं की त्या म्हणत, भाजीले लागते तेवढं. तिखटाची चिमूट घेऊन त्यांचा हात गंजाकडे निघाला की काका तो अधांतरी थांबवून खाली काटा धरत. एकदा मोहरीचं वजन लिहून होईपर्यंत फोडणी जळाली. काकांना जळल्याचं दुःख नव्हतं. नवीन मोहरी पुन्हा मोजावी लागेल, याचं होतं.

बुद्धपौर्णिमेला तर कहर झाला. विहारात खीर वाटत होते. काकांनी नंबर आल्यावर डावातली खीर काट्यावर घ्यायला लावली आणि साखर किती किलो पडली, दूध किती, अशी चौकशी सुरू केली. वणीचं मे महिन्यातलं ऊन, मागे रस्त्यापर्यंत रांग. शेवटी अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "काका, आजचा दिवस तरी तृष्णा सोडा." काका शांतपणे म्हणाले, "सोडतो नं. पण किती ग्रॅम सोडली, हे त समजलं पाह्यजे." पुढच्या वर्षी त्यांना खीर घरपोच द्यायचा ठराव त्याच दिवशी एकमताने झाला.

मग एका सकाळी काका वही घेऊन माझ्याकडे आले. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून. चेहरा उतरलेला. म्हणाले, चार दिवसांपासून हिशेब जुळत नाही. शिजलेली भाजी सहाशे वीस ग्रॅम. त्यांनी खाल्ली अडीचशे. संध्याकाळी गंजात उरली तीनशे तीस. मधले चाळीस ग्रॅम काकूंचे म्हणावेत, तर चाळीस ग्रॅममध्ये माणूस जेवतो का? भाकरी तीन झाल्या, दोन त्यांनी खाल्ल्या, एक अख्खी शिल्लक. त्यांना वाटलं काटा बिघडला. मिठाचा किलोचा पुडा ठेवून पाहिला, तर काटा बरोबर होता.

मी वहीवर नजर फिरवली. आकड्यांत काही चूक नव्हती. काकाही ते ओळखूनच आले असावेत, फक्त दुसऱ्या कोणीतरी तपासायला हवं होतं. त्यांनी वही मिटली.

"सर, बुढी उपाशी राहून राह्यली," ते म्हणाले. "मी मोहरी मोजून राह्यलो आन् हे मले दिसलं नाही."

काकू काडीसारख्या झाल्या होत्या, ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. वयामुळे असेल, असा सगळ्यांनी अंदाज केला होता. काकांनी घरी जाऊन विचारलं, तेव्हा काकूंनी भाकर थापता थापता सांगितलं: "बत्तीस वर्षं तुमचा डबा काट्यावर गेला. तवापासून मी मांगून एकटीच खातो, तुम्ही घरी बसले तरी. पोरगी होती तवर ठीक होतं. आता एकटीच्यानं घास उतरत नाही." तक्रारीचा सूरही नव्हता म्हणे. काका हे सांगत होते, तेव्हा माझी नजर आमच्याच स्वयंपाकघराकडे गेली. कारण आमच्याही घरी ही शेवटीच जेवते, आणि तिच्या पानात काय असतं ते मी कधी पाहिलेलं नाही.

परवा दुपारी दही द्यायला गेलो, तर दोघं समोरासमोर जेवत होते. मध्ये काटा. काकांनी काकूंना पढवलं होतं की ॲप आता बदललं, एका ताटाचं वजन घेतच नाही. दोन्ही ताटं भरलेली दाखवायची आणि मग दोन्ही रिकामी, नाहीतर फोन अडून बसतो. मी फोनमध्ये डोकावलो. वर काकूंचं नाव होतं. उद्दिष्टात 'वजन वाढवणे' होतं. काका पाणी आणायला आत वळले, तशा काकू हळूच मला म्हणाल्या, "सर, फोनाले माह्या ताटाचं काय करा लागते, मले नाही का समजत? पण सोबत बसते माणूस, त खाऊन घेतो."

काका परत आले आणि आपल्या भाकरीचा चतकोर मोडून काकूंच्या ताटात टाकला, न मोजता. मी म्हटलं, काका, वजन चुकेल. त्यांनी ऐकलंच नाही. जेवण झाल्यावर दोन्ही रिकामी ताटं काट्यावर ठेवली, आकडा नीट पाहिला, आणि काही न लिहिता ताटं घासायला घेऊन गेले.